व्हर्मीरची दूध ओतणारी बाई: शेगडीत खरंच काही दडलंय का?

धागाकर्ती: डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं 'मिल्कमेड' (सुमारे १६६०) आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. नाव फसवं आहे. ही गवळण नव्हे, घरातली मोलकरीण. खिडकीशी उभी राहून मातीच्या भांड्यात दूध ओततेय, शेजारी पाव. काही अभ्यासक कोपऱ्यातली पाय शेकायची शेगडी (ऊब म्हणजे ओढ, असा अर्थ) आणि भिंतीच्या तळाशी बसवलेल्या छोट्या फरशीवर काढलेला क्युपिड, म्हणजे पाश्चात्त्यांचा मदन, दाखवून म्हणतात, चित्रात शृंगार सुचवलाय. मला पटत नाही. तिचं सगळं लक्ष त्या बारीक धारेवर आहे. राबणाऱ्या बाईकडे कुणी इतक्या आदराने पाहिलंय, तर तिला निदान चित्रात तरी सुखाने काम करू द्या.

प्रतिसाद १: असहमत. २०२२ मध्ये संग्रहालयाने जाहीर केलेल्या तपासणीत दिसलं की खाली उजवीकडे आधी एक विणलेली टोपली होती. निखाऱ्यांवर तान्ह्याचे कपडे, लंगोट वाळवायची. व्हर्मीरने ती बुजवली. आता तिथे शेगडी आणि मदनाची फरशी आहे. बाळाची टोपली काढून मदनाला आणलं, हे सहज झालं असेल? त्या काळच्या डच चित्रांत मोलकरीण आणि चावटपणा ही जोडी नेहमीची होती. बघणाऱ्याला खूण लगेच कळायची. आणि ओढ दाखवली म्हणून तिचा मान कमी कसा होतो?

धागाकर्ती: त्याच तपासणीत डोक्यामागची सुरया टांगायची फळीही सापडली. तीही त्याने बुजवली. उरली ती कोरी भिंत, एक खिळा, खिळे उपटल्याची भोकं. तो पसारा कमी करत होता, कोडं रचत नव्हता. आणि खोलीत चूल दिसत नाही. थंडीच्या देशात शेगडी असणारच.

प्रतिसाद २: तुम्ही दोघं तिच्या मनात डोकावताय, पण चित्र कोणाच्या घरी होतं ते बघा. एप्रनचा निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा, अतिशय महाग. १६९६ च्या लिलावात व्हर्मीरच्या २१ चित्रांत १७५ गिल्डरचं (गिल्डर म्हणजे डच चलन) हे चित्र किमतीत दुसरं. २०० मिळाले फक्त 'डेल्फ्टचं दृश्य'ला. आदर असेलही, पण तो पैसेवाल्याच्या भिंतीसाठी रंगवलेला. कष्टाळू, गप्प, मान खाली घातलेली नोकर कोणत्या मालकाला नको असते?

धागाकर्ती: हा मुद्दा टोचला. तरी चित्रात मालक कुठेही नाही. महागडा निळा कुणा श्रीमंतिणीच्या झग्याला न देता तिच्या एप्रनला दिलाय, एवढं मी सोडणार नाही.