मदत हवी आहे: जन्मतः कमी वजन आणि पुढे बीपी?

मुलगी पूर्ण दिवसांची, पण जन्मतः वजन २.१ किलो. आता दीड वर्षाची, बारीकच. सासूबाई बाळसं धरावं म्हणून सगळ्यात तूप सोडतात. पण इंग्लंडचे डॉक्टर-संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या कामापासून दिसत आलंय, की जन्मतः कमी वजन आणि मग बालपणी भराभर वाढ झाली तर मोठेपणी रक्तदाबाचा धोका जास्त. अशा बाळांच्या मूत्रपिंडात नेफ्रॉन (रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या) कमी असतात आणि जन्मानंतर ते नव्याने तयार होत नाहीत, हे त्यामागचं एक कारण मानतात. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनीही दाखवलंय, की आपली बाळं बारीक दिसली तरी चरबी तुलनेनं जास्त असते. (हे घरात कोण ऐकणार!)

उंची वाढावी, नुसती चरबी नको, यासाठी तुम्ही काय खाऊ घालता? बीपी कितव्या वर्षापासून तपासलंत? दोन्ही आजोबांना बीपी आहे, म्हणून जास्त धास्ती. बालरोगतज्ज्ञ असाल तर नक्की सांगा.