ब्युइक सिटी: आधी जमिनीची सफाई की आधी कारखाना?

काळी माती
बारा वर्षं मिशिगनमध्ये जुन्या कारखान्यांच्या जमिनी तपासायचं काम करते आहे. गेल्या महिन्यात एका मराठी घरी जेवायला जमलो होतो. तिथे फ्लिंट शहरातल्या ब्युइक सिटी या बंद पडलेल्या मोटार कारखान्याच्या जमिनीवरून वाद पेटला आणि पानं उठली तरी मिटला नाही, म्हणून इथे मांडते.

फ्लिंट हे जनरल मोटर्सचं जन्मगाव. १९६० साली तिथे दोन लाखांच्या आसपास वस्ती होती, २०२० च्या जनगणनेत ८१,२५२ उरली. नदीकाठचा ब्युइकचा चारशे एकरांचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. शेड पाडल्या, काँक्रीटच्या फरश्या राहिल्या. २००९ ला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. त्यातून उभ्या राहिलेल्या नव्या कंपनीला नको असलेल्या १४ राज्यांतल्या ८९ जागा २०११ मध्ये रेसर ट्रस्टकडे, म्हणजे त्या साफ करून विकण्यासाठी नेमलेल्या संस्थेकडे, आल्या, त्यात हीही होती. आता तिथे पुन्हा औद्योगिक इमारती उभारायचं चाललं आहे.

माझं म्हणणं असं की फरशीखालच्या जुन्या गटारांचा निकाल लावल्याशिवाय वर नवी फरशी ओतू नये. जमिनीत तेल आहे, जड धातू आहेत. पीफास नावाची, वर्षानुवर्षं न मोडणारी रसायनं पावसाळी गटारांतून नदीकडे जातात हे तपासणीत दिसलं आहे. एकदा वर भाडेकरू आला की कुणी ड्रिल लावू देत नाही. हे मी दुसऱ्या दोन जागांवर सोसलं आहे.

शॉपफ्लोअर
ताई, पूर्ण असहमत. वीस वर्षांहून जास्त काळ ती जागा कुंपणाआड पडून होती. तेवढ्यात एक पिढी गाव सोडून गेली. फ्लिंटमध्ये अडचण ही आहे की सफाईचा खर्च जमिनीच्या किमतीहून जास्त. शिकागोत किंवा मुंबईत जमीनच इतकी महाग की बिल्डर स्वतःच्या खिशातून माती उपसतो. इथे अट घट्ट केलीत की तो शेजारच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर, मक्याचं शेत घेईल आणि सहा महिन्यांत शेड उभी करेल. मग फ्लिंटला ना नोकरी, ना कर, ना सफाई.

माझे शेजारी ब्युइकमधून निवृत्त झाले. तीस वर्षं नोकरी. त्या रस्त्याने जायचं टाळतात, लांबचा वळसा घेतात. त्यांना तिथे दिवे लागलेले बघायचे आहेत.

आणि तांत्रिक मुद्दा: जुनी फरशी पाऊस अडवते. ती फोडून महिनोन्‌महिने उघडी ठेवलीत तर पाणी मुरून घाण आणखी खाली ढकलली जाईल. नवी इमारत हेच झाकण आहे.

सोलापुरी चादर
झाकणाचा हिशोब कायद्यातच आहे, तिथेच माझा आक्षेप आहे. मिशिगनमध्ये मातीतल्या प्रदूषणाची राहण्याच्या जागेसाठी एक मर्यादा आणि कारखान्यासाठी दुसरी, सैल. जमिनीच्या दस्तावर बंधन नोंदवायचं, आपल्याकडे सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो तसं, की इथे घर बांधू नये, विहीर खणू नये. कागदावर ठीक. पण कुंपणापलीकडे घरं आहेत, आणि भूजल कुंपण मानत नाही. श्रीमंत गावात माती उचलायची आणि गरीब गावात झाकायची, हे मला मान्य नाही. आमच्या सोलापुरात गिरण्या बंद पडल्या तेव्हा गावाने काय गमावलं ते मी पाहिलं आहे. म्हणून नोकरीची किंमत मला कळते. तरीही.

उत्तरायण
या कारखान्यांच्या घाणीमुळेच तर फ्लिंटच्या नळाला शिसं आलं ना? मग चर्चा कसली?

काळी माती
@उत्तरायण, नाही. ही गल्लत फार होते. एप्रिल २०१४ मध्ये शहराने डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं आणि गंजरोधक औषध घातलं नाही. त्यामुळे घराघरांच्या जुन्या नळांतलं शिसं सुटलं. त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं. माणसं मात्र पुढे वर्षभर तेच पीत राहिली. म्हणून या गावात "मर्यादेच्या आत आहे" असं कुणी सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यांचं चूक नाही.

वऱ्हाडी
नागपूरहून लिहितो. आमच्या गावच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेबरोबर भोपाळच्या युनियन कार्बाइडची जमीन तपासली होती. २०१० च्या अहवालात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा. जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यातला जो साठवलेला विषारी कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला आणि मग जाळला, तो होता ३३७ टन. पेपरात मथळे "भोपाळ विषमुक्त" छापाचे. माती जागेवरच. शॉपफ्लोअर, झाकणाला विरोध नाही, पण "नंतर बघू" म्हटलेलं कुणी बघत नाही.

शॉपफ्लोअर
भोपाळची तुलना इथे लागू नाही. इथे ट्रस्टला पैसा आधीच काढून दिलेला आहे आणि राज्य व केंद्राची देखरेख आहे. चेव्ही इन द होल बघा. त्याच नदीवरचा शेवरोलेचा कारखाना. तिथे सगळी माती उपसली नाही. वर स्वच्छ मातीचा थर दिला, गवत आणि झाडं लावली. आज तिथे लोक कुत्री फिरवतात. सगळं उपसा म्हणत बसलो असतो तर अजून तिथे काँक्रीटच असतं.

काळी माती
फरशीचा मुद्दा मान्य. सगळी फोडा असं मी म्हणत नाही. तुकड्यातुकड्याने, जिथे जुनी गटारं आहेत तिथे. ती साफ करा, बंद करा, आणि भूजल तपासायच्या नदीकाठच्या निरीक्षण विहिरी इमारतीनंतरही उघडता येतील अशा ठेवा. आधी कारखाना म्हणणाऱ्यांनी एवढं तरी करारात लिहून घ्यावं.

थांबायचं नाही याला माझं कारण वेगळं आहे: कुठे काय होतं हे आठवणारे कामगार म्हातारे होत चालले आहेत. तपासणीच्या पहिल्या टप्प्यात आम्ही माती हलवत नाही. जुने विम्याचे नकाशे, हवाई फोटो, आणि जुन्या कामगारांशी बोलणं. एका जागी (ब्युइक नव्हे) नकाशात काहीच नव्हतं. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ काठी टेकत आले आणि गवतात एका ठिकाणी काठी ठोकून म्हणाले, इथे टाकी होती. दुसऱ्या दिवशी तिथे ड्रिल लावलं. प्लास्टिकच्या नळीतून माती वर आली: दोन फूट विटांचा चुरा, मग ओतशाळेची काळी वाळू, मग सहाव्या फुटाला ओलसर, चकाकणारी, कटिंग ऑइलच्या (धातू कापताना वापरायच्या तेलाच्या) वासाची. ते आले नसते तर आम्ही वीस फूट पलीकडे भोक पाडून "आढळले नाही" लिहिलं असतं.

शॉपफ्लोअर, तुमच्या शेजाऱ्यांना विचाराल का, प्लेटिंगची (धातूवर मुलामा द्यायची) लाइन कुठल्या बाजूला होती आणि तिथलं पाणी कोणत्या गटाराला जायचं? यायला तयार असतील तर मी त्यांना घ्यायला येईन.

शॉपफ्लोअर
विचारतो. रविवारी चर्चहून आले की दुपारी घरीच असतात. मत बदललेलं नाही माझं, पण विचारतो.