प्रतिसाद: शाडे लिफ्टमध्ये ऐकायची गोष्ट नव्हे

वर कुणीतरी म्हटलंय की ब्रिटिश गायिका शाडेची गाणी हॉटेलांत आणि विमानतळांवर वाजून वाजून 'लिफ्टमधलं संगीत' झालीत. अर्धं पटलं. पण दोष तिचा नाही हो, छतातल्या त्या वाटीएवढ्या स्पीकरचा आहे! त्यातून खालचे स्वर धड निघतच नाहीत, आणि जे निघतात ते गर्दीच्या गोंगाटात बुडतात. उरतो फक्त गळा. मुळात 'शाडे' हे अख्ख्या बँडचं नाव. त्यातल्या पॉल डेनमनचा बेस (खालच्या स्वरांची गिटार) काढला की निम्मं गाणं गेलं. मी एकदा विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून ऐकत होतो. बेस शून्य, वर मधूनमधून उद्घोषणा. घरी येऊन हेडफोन लावून त्यांचा १९८४चा 'डायमंड लाइफ' अल्बम ऐकला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

अमेरिकन गायिका सुझान वेगाचं उलट. तिचं 'टॉम्स डायनर' मुळात नुसत्या आवाजात गायलेलं, त्यामुळे भिकार स्पीकरवरही टिकतं. गंमत म्हणजे एमपीथ्री, म्हणजे गाण्याची फाइल लहान करायची पद्धत, घडवताना जर्मन अभियंते कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी हेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं होतं, कारण त्या उघड्या आवाजात जराशी खरखरसुद्धा लपत नव्हती.

बाकी आयरिश गायिका एन्याबद्दल मी भांडणार नाही. ती लिफ्टमध्ये चालेल.