प्रीमियरने जोडलेली १९५४ ची डॉज किंग्सवे, पेट्रोल इंजिन: घ्यावी का, आणि आधी काय तपासावं?

होटगीरोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरात एक डॉज किंग्सवे विक्रीला आहे. आरसी बुकात साल १९५४, इंधन पेट्रोल. सहा सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, तीन गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पत्रा बरा आहे, बुडाला गंज कमी. इंजिन चालू होतं, पण पंधरा-वीस मिनिटांत टेंपरेचरचा काटा वर जातो. मालकाचं म्हणणं, सोलापूरच्या उन्हात सगळ्याच जुन्या गाड्या तापतात. स्टार्टर सुस्त फिरतो. मागचे ब्रेक धरत नाहीत आणि ड्रम म्हणे निघतच नाहीत.

क्रायस्लरच्या गाड्यांचं नाव खरंच चांगलं होतं की जुनं म्हणून कौतुक? कंपनी दोन-तीनदा बुडाली असं वाचलंय. आणि मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेली गाडी अमेरिकेतल्या गाडीपेक्षा वेगळी असते का? सुटे भाग मागवताना त्याचा फरक पडतो का?

कुर्ला_ते_डेट्रॉइट

नावाचा प्रश्न आधी घेतो, मशीनचं जाणकार सांगतील.

वॉल्टर क्रायस्लरने १९२५ मध्ये मॅक्सवेल कंपनीतून ही कंपनी उभी केली. त्याआधीच १९२४ ची क्रायस्लर सिक्स आली होती. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आणि जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन, तेही मध्यम किमतीत. त्या काळी फोर्डचे ब्रेक सळ्या-दोऱ्यांवर चालत, आणि पुढे १९३८ पर्यंत तसेच राहिले. १९२८ मध्ये क्रायस्लरने डॉज विकत घेतली, त्याच वर्षी प्लायमाउथ आणि डिसोटो काढल्या. जनरल मोटर्सचा जोर विक्रीवर, फोर्डचा किमतीवर, आणि क्रायस्लरचा इंजिनिअरिंगवर, ही ओळख तेव्हाची आणि बऱ्याच अंशी खरी.

नाव खराब झालं ते नंतर, आणि प्रत्येक वेळी कारण घाईचं होतं. १९५७ ची मॉडेलं दिसायला देखणी, पण वेळेआधी बाजारात आणली. गंज, पाण्याची गळती, ढिलं फिटिंग. सत्तरच्या दशकात डॉज अ‍ॅस्पेन आणि प्लायमाउथ व्होलारे यांनी परत तेच केलं, पुढचे मडगार्ड गंजले आणि रिकॉलची रांग लागली. १९७९ ला दिवाळं निघायची वेळ आली, तेव्हा अमेरिकी सरकारने दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांनी के-कार या छोट्या, किफायती गाड्यांच्या जोरावर १९८३ मध्येच कर्ज मुदतीआधी फेडलं. पुढे मालक बदलत गेले: १९९८ ला जर्मनीची डेमलर, २००७ ला सेर्बेरस ही गुंतवणूक कंपनी, एप्रिल २००९ ला कोर्टात दिवाळखोरी, मग फियाट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस. म्हणजे "दोन-तीनदा बुडाली" हे अर्धसत्य आहे: १९७९ ला वाचली, २००९ ला खरोखर कोर्टात गेली.

तुमची गाडी १९५४ ची. या सगळ्या पडझडीच्या आधीची, जुन्या जाड पत्र्याची आणि सरळ बांधणीची. कंपनीची पुढची बदनामी हिच्या खात्यावर मांडू नका.

आता आपल्या गावचा धागा. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. मोटार कारखान्यासाठी त्यांनी आधी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली, मग क्रायस्लरशी करार झाला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ, शिवाय फार्गो ट्रक. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा उरली नाही, म्हणून जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही निघून गेले. प्रीमियर टिकली आणि फियाटकडे वळली. गंमत बघा, प्रीमियरने क्रायस्लर सोडून फियाट धरली, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांनी फियाटने खुद्द क्रायस्लरलाच धरलं. आज त्याच घराण्यातली जीप कंपास पुण्याजवळच्या रांजणगावात बनते.

किंग्सवे म्हणजे मुळात प्लायमाउथच. परदेशी बाजारासाठी तिला डॉजची जाळी आणि बिल्ले लावलेले. डिसोटो डिप्लोमॅटही तशीच. त्यामुळे पत्रा, काचा, सस्पेन्शन शोधताना "डॉज १९५४" असं शोधलंत तर चुकीचा भाग येईल, कारण अमेरिकेतली डॉज वेगळी आणि मोठी. "प्लायमाउथ १९५३-५४" शोधा. इंजिनचं मात्र असं नाही, ते खाली कोणीतरी सांगेलच.

लेथ_अक्कलकोटरोड

सांगतो की. इंजिनचं सगळ्यात आधी एकच काम करा: टेप घ्या आणि हेडची लांबी मोजा.

या फ्लॅटहेड (म्हणजेच साइड व्हॉल्व्ह) सहा सिलिंडरचे दोन ब्लॉक आहेत. एकाचं हेड साधारण २३ इंच, दुसऱ्याचं साधारण २५. अमेरिकेतल्या प्लायमाउथ-डॉजला छोटा ब्लॉक, क्रायस्लर-डिसोटोला लांब. कॅनडात मात्र सगळ्यांनाच लांब. भारतात आलेल्या गाडीत कोणता असेल ते कागदावरून सांगता येत नाही, आणि सत्तर वर्षांत कोणी फार्गोचं किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकलंय का तेही नाही. घोळ असा की दोन्हीत "२१८ क्युबिक इंच" इंजिन मिळतं. छोट्या ब्लॉकमध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) चार पूर्णांक तीन अष्टमांश. लांब ब्लॉकमध्ये बोअर तीन पूर्णांक तीन अष्टमांश, स्ट्रोक चार पूर्णांक एक सोळांश. पिस्टन, रिंग, हेड गॅस्केट, पाण्याची नळी, काहीही एकमेकांना चालत नाही. नुसतं "२१८ चं गॅस्केट" मागवलंत तर पैसे पाण्यात.

आता तापण्याचं. मालकाचं ऐकू नका. रेडिएटर साफ असेल आणि पाणी फिरत असेल तर हे इंजिन उन्हातही धीराने चालतं. या इंजिनची खोड म्हणजे ब्लॉकच्या आत, वॉटर पंपाच्या मागे लांबलचक बसवलेली पत्र्याची नळी. तिला जागोजागी भोकं असतात आणि त्यातून थंड पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवती सोडलं जातं. ही नळी कुजते. कुजली की पाणी पुढच्या दोन सिलिंडरांभोवतीच घोटाळतं आणि पाचवा-सहावा भाजतो. काटा कधी फार वर जातो, कधी जातही नाही, पण मागचे व्हॉल्व्ह जळतात. आपल्याकडे हे लवकर होतं कारण वर्षानुवर्षं रेडिएटरात बोअरवेलचं जड पाणी ओतलेलं असतं. क्षार आणि गंज मिळून सिलिंडरांच्या मागे चिखल बसतो.

तपासायची पद्धत: गाडी गरम होऊ द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडवर पुढून मागे तापमान घ्या. आठ-दहा अंशांचा फरक समजू शकतो. वीस-पंचवीस असेल तर नळी गेली म्हणून समजा. इंजिन थंड झाल्यावर ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडा. पाणी न येता थेंब-थेंब गाळ आला किंवा काहीच आलं नाही, तर मागे चिखल आहे. तार घालून बघा.

काम असं: रेडिएटर उतरवायचा, वॉटर पंप काढायचा, नळीचं तोंड समोर दिसतं. सळईला हुक करून हळूहळू ओढायची. अडकली तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं. जोर केला की तुटून अर्धी आत राहते, मग तुकडे-तुकडे करत काढायला दिवस जातो. त्याच वेळी मॅनिफोल्डच्या बाजूचे फ्रीज प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची गोल झाकणं) ठोकून काढा, तिथून तार आणि पाण्याचा दाब देऊन गाळ बाहेर काढा, आणि नवे पितळी प्लग बसवा. नवी नळी पितळेची किंवा स्टेनलेसची मागवता येते. इथे वाकवून घ्यायची तर जुन्या नळीवरून भोकांची जागा आणि दिशा तंतोतंत उतरवून घ्या. भोकं चुकीच्या बाजूला गेली तर नळी असून नसल्यासारखी. नंतर नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

घेण्याआधी कॉम्प्रेशन बघा. गरम इंजिन, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. १०० पीएसआयच्या आसपास हवं, आणि सहाही सिलिंडर एकमेकांपासून १५ च्या आत. पहिल्या चारांपैकी शेजारचे दोन कमी असतील तर बहुधा गॅस्केट. पाचवा-सहावा कमी असेल तर जळलेले व्हॉल्व्ह, म्हणजे पुन्हा तीच नळी. टॅपेटची फट गरम इंजिनवर इनलेट ८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट १० थाऊ. पॉइंट गॅप २० थाऊ. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या घातलेल्या असतात, त्यामुळे शिसं नसलेल्या पेट्रोलची भीती नको.

पण आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भीती बाळगा. फ्युएल पंपाचा जुना डायाफ्राम आणि रबरी नळी फुगून सुटते, आणि पंप फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. इथेनॉल सोसणारा डायाफ्राम आणि व्हिटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराची नळी टाका. पंपाला मूळचा पत्र्याचा उष्णतारोधक असतो, तो बहुतेक गाड्यांतून हरवलेला असतो. उन्हाळ्यात व्हेपर लॉक होतं (पेट्रोलची वाटेतच वाफ होऊन पुरवठा तुटतो) ते त्याच्याविना.

पार्क_चौक_०७

एवढी कटकट कशाला राव? १२ व्होल्ट करा, मॅटाडोरचं डिझेल बसवा, मोकळे व्हा. पूर्वी टॅक्सीवाले हेच करायचे.

डायनॅमो_आणि_ब्रेक

टॅक्सीवाल्यांना रोजचा धंदा होता, त्यांचं गणित वेगळं. इथे मूळ इंजिन जागेवर आहे, तीच या गाडीची किंमत.

सुस्त स्टार्टरचं बहुधा फार सोपं कारण असतं. ही गाडी ६ व्होल्टची आहे आणि पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडलेलं. ६ व्होल्टला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. बाजारात तयार मिळणारी बॅटरी केबल १२ व्होल्टच्या हिशोबाची, बारीक असते. ती बसवली की बरेच व्होल्ट केबलमध्येच संपतात. वेल्डिंगच्या दुकानातून ७० स्क्वेअर मिलीमीटरची तांब्याची केबल घ्या, दोन्ही टोकांना लग दाबून घ्या. अर्थची केबल रंगावर नको, पत्रा घासून इंजिनच्या ब्लॉकलाच लावा. स्टार्टर उतरवण्याआधी एवढं करून बघा. आधीच्या कोणी सवयीने निगेटिव्ह अर्थ केलं असेल तर अ‍ॅम्पिअर मीटर उलटा दाखवतो आणि कॉइलचा स्पार्क कमजोर पडतो. सरळ करून घ्या आणि डायनॅमो पोलराइज करायला (त्याची प्लस-मायनस दिशा बॅटरीशी जुळवायला) विसरू नका, नाहीतर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

ड्रम निघत नाहीत कारण मागचा अ‍ॅक्सल निमुळता आहे आणि त्यावर ड्रम खाचेतल्या चावीसकट (लोखंडी पाचर) घट्ट बसतो. साधा तीन पायांचा पुलर सरकतो आणि ड्रमची कड वाकवतो. हबच्या बोल्टांना धरणारा जाड पुलर हवा, मधल्या स्क्रूवर घणाचा ठोका देता येईल असा. अ‍ॅक्सलचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवा, कारण सुटतो तेव्हा ड्रम उडतो. सरळ अ‍ॅक्सलच्या टोकावर घण घालणं बंद. त्याने बेअरिंग जातं आणि आटे चपटे होतात.

चाकं खोलताना लक्षात ठेवा, डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे. डोक्यावर "एल" असतो, पण रंगाखाली दिसत नाही. पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो पाइप लावून तोडून देईल.

पुढच्या प्रत्येक चाकाला दोन व्हील सिलिंडर आहेत, प्रत्येक शूला एक. म्हणून अ‍ॅडजस्टमेंटही प्रत्येक शूची वेगळी. एकच ओढून सोडला तर ब्रेक एका बाजूला खेचतो, आणि मग लोक विनाकारण स्टिअरिंग खोलतात. हँडब्रेक चाकांना नाही, गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर आहे. गिअरबॉक्सचं मागचं सील गळत असेल तर तोही ऑइलने भिजलेला मिळेल.

एमएच_१३_कागद

डिझेल बसवायच्या सल्ल्यावर थोडं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल असेल तर नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढची नोंदणी ५,००० रुपये, नंबरात "व्हीए". जुना नंबर असलेली गाडी तो नंबर ठेवू शकते. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा लग्नाच्या भाड्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. तुम्हाला वऱ्हाडासाठी भाड्याने द्यायची असेल तर आताच विचार करा.

व्यवहाराआधी आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवा. तो ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, डायनॅमोच्या वर कोरलेला असतो. काजळी रॉकेलने पुसा, घासू नका. नंबरावर ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर आरटीओत सगळं अडकेल.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. मोजलं. हेड २५ इंचाच्या आसपास. तापमान पुढे ७९, मागे १०६. ड्रेन कॉकमधून काहीच नाही. कॉम्प्रेशन पहिले चार ९५ ते १०२, पाचवा ८४, सहावा ६०. इंजिन नंबर आरसीशी जुळतो, खुणा नाहीत.

लेथ_अक्कलकोटरोड

म्हणजे लांब ब्लॉक, मूळचाच. नळी गेलेली, सहाव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला, पाचवा त्याच वाटेवर. हेड उतरवणं आलंच. घाबरण्यासारखं नाही, पण हा खर्च मालकाच्या किमतीतून वजा करून बोला. तापतेय म्हणून नाही, हे आकडे दाखवून.

भाग मागवताना "२५ इंच ब्लॉक, कॅनडा" असं स्पष्ट लिहा: हेड गॅस्केट, पाण्याची नळी, फ्रीज प्लगचा संच, वॉटर पंपाचं गॅस्केट, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हेड उतरवण्याआधी व्हॉल्व्ह मागवू नका म्हणणारे भेटतील, पण पार्सल यायला वेळ लागतो आणि उघडं इंजिन धुळीत पडून राहतं. पिस्टन-रिंग मात्र आता मागवू नका. हेड निघाल्यावर बोअरची कड नखाने बघा, मग ठरवा. हेडचे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात, बसवताना प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर पाणी आट्यांवाटे वर येतं. आणि तोपर्यंत गाडी चालू करून दाखवू नका म्हणावं मालकाला, सहाव्याची सीटही जाईल.