इन्सुलिन सुरू झाल्यापासून बाबांनी लोकांत जाणंच सोडलंय, काय करावं?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. बाबांना शुगर बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू होत्या पण एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) वाढतच गेलं म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं आणि तेव्हापासून माणूस बदललाय. चवथीत (गणेशचतुर्थीला) आमच्या वाड्यावर घुमट आरतीला बाबा नाहीत असं कधी झालं नव्हतं, यंदा घरची आरती झाली आणि आत जाऊन झोपले. म्हणतात प्रत्येक घरी तेच, कोण म्हणतो "एक नेवरी खाल्ली म्हणून काय होतं", कोण म्हणतो "सुई लागली म्हणजे आता शेवटचंच". घरी आई ताटातला भात बघून बोलते, बहिणीचा फोन आला की पहिला प्रश्न शुगर किती. सगळे काळजीपोटीच करतात, पण ते हल्ली मशीनवर तपासतच नाहीत, वहीत आकडे मनाने लिहितात असा मला संशय आहे. संध्याकाळी तर फार चिडतात. हे डिप्रेशन असेल का? बांबोळीच्या मानसोपचार हॉस्पिटलात जाऊया म्हटलं तर "मला वेडा ठरवताय" म्हणतील.

नर्सताई, फोंडा
भाऊ, आधी चिडचिडीचं बघा. इन्सुलिनवर असलेला माणूस ठराविक वेळेलाच चिडत असेल, घाम येत असेल, हात थरथरत असतील तर त्या क्षणी शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा आणि डॉक्टरांना नक्की सांगा, डोस बदलावा लागतो. घरचे स्वभावाला दोष देत बसतात आणि तो बिचारा लो झालेला असतो, हे मी कितीदा बघितलंय.

दुसरं, इन्सुलिन म्हणजे शेवट हे डोक्यातून काढायला हवं. टाइप टूमध्ये स्वादुपिंडाची ताकद वर्षानुवर्षं कमी होत जाते, अगदी पथ्य पाळणाऱ्याचीही, मग बाहेरून द्यावं लागतं. बाबांना वाटत असणार की आपण नापास झालो म्हणून सुई लागली. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, तुम्ही सांगून पटणार नाही.

पेडण्याची सून
मी स्वतः इन्सुलिन घेते म्हणून लिहिते. लग्नाकार्यात इन्सुलिनचं पेन घेऊन बाथरूममध्ये जायचं, कोणी बघू नये म्हणून, आणि कोणी बघितलंच तर "एवढ्या लहान वयात?" हे ऐकायचं. आजारापेक्षा ह्यानेच जास्त थकायला होतं. वहीतल्या खोट्या आकड्यांचं म्हणाल तर २२० दिसलं की घरात बोलणी बसतात, मग माणूस १४० लिहितो, सरळ आहे. आणि त्या ताणाने शुगर अजून वाढते, कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन वाढलं की लिव्हर साखर रक्तात सोडतं, म्हणजे काही न खाताही आकडा चढतो आणि घरचे म्हणतात चोरून खाल्लं असणार.

आमच्याकडे काय केलं तर माझं वेगळं ताट बंद. उकड्या तांदळाचा भात सगळ्यांनाच कमी, भाजी आणि हुमणातलं मासं जास्त, कोणी कोणाच्या ताटात बघायचं नाही. आणि लाजायचं कशाला हो, २०२३ साली आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) अभ्यासाचे आकडे आले त्यात देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह, देशात सगळ्यात जास्त. त्या आरतीच्या गर्दीत चारातला एक बाबांसारखाच असणार, फक्त बोलत नाही.

म्हापशेकर
ताई पटतं, पण लक्ष ठेवायचंच नाही का? माझ्या काकांना कोणी टोकलं नाही, पायाची जखम लपवली आणि शेवटी पाय कापावा लागला. काळजी सोडून चालत नाही.

नर्सताई, फोंडा
म्हापशेकर, लक्ष ठेवायचंच. पाय रोज बघा, डोळे आणि किडनीची तपासणी वर्षाला चुकवू नका, त्यात घरच्यांची खरी मदत होते. जेवताना चारचौघांत टोकण्याने मात्र माणूस लपवायला शिकतो.

डिचोलीकर, डिप्रेशनचं म्हणाल तर मधुमेहात त्याचं प्रमाण साधारण दुप्पट असतं. आजाराचा कंटाळा येणं वेगळं, तो औषधपाण्यापुरता असतो. पण दोन आठवडे कशातच मन लागत नाही, झोप उडाली, "मी ओझं झालो" असं बोलू लागले तर थांबू नका. आयपीएचबीला, म्हणजे बांबोळीच्या त्या हॉस्पिटलात, जायला तयार नसतील तर टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः बोला. आणि जगायचंच नाही असं म्हणाले तर त्याच दिवशी घेऊन जा.

डिचोलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. चिडचिडीच्या वेळी तपासायचं डोक्यातच आलं नव्हतं, आजपासूनच करतो. आईशीही बोलतो. एक विचारायचं होतं, मशीनच्या मेमरीत जुने आकडे तारखेसकट राहतात ना? वहीशी जुळवून बघू का?

पेडण्याची सून
राहतात. पण त्यांच्या मागे बघू नका, कळलं तर मशीनला हात लावणार नाहीत. डॉक्टरकडे जाताना मशीन बरोबर न्या आणि बाबांनाच दाखवू दे. आणि आरतीच्या मंडळींपैकी त्यांच्या वयाचा, शुगर असलेला कोणी असेल तर त्याला घरी बोलवा, तुमच्यापेक्षा त्याचं ऐकतील.