खऱ्या हाताळणीचा रॅली गेम कोणता निवडावा?

वळणवाट (मूळ प्रश्न):

गेली काही वर्षे मी बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतींचे गेम नियमितपणे खेळत आलो आहे आणि त्यात हात बऱ्यापैकी बसला आहे. अलीकडे मात्र रॅली गाड्यांच्या आतून केलेली चित्रणे पाहण्याचा नाद लागला आहे. शेजारी बसलेला सहचालक वहीतून वळणे वाचतो, चालक अजून न दिसलेल्या वळणात केवळ त्या शब्दांच्या भरवशावर गाडी घालतो आणि गाडी रस्त्याला जवळजवळ आडवी होऊनही हव्या त्याच दिशेने पुढे सरकत राहते, हे पाहिल्यापासून ट्रॅकवरच्या शर्यतींत मन रमत नाही.

एका मित्राकडे एक रॅली गेम खेळून पाहिला, पण त्यात गाडीच्या पोटातून खिळा ठोकून तिला त्या खिळ्याभोवती फिरवावे तशी ती वळत होती. गाडीला वजन आहे असे कुठेच जाणवले नाही. म्हणून जाणकारांना विचारतो की रिचर्ड बर्न्स रॅली, डर्ट रॅलीचे दोन भाग, डब्ल्यूआरसी (म्हणजे जागतिक रॅली स्पर्धा) जनरेशन्स आणि ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी यांपैकी हाताळणीच्या दृष्टीने सर्वांत खरा गेम कोणता मानावा? माझ्याकडे मध्यम क्षमतेचा संगणक आणि साधा गेमपॅड आहे. गेम त्या योग्यतेचा असेल तर काही महिन्यांनी स्टिअरिंग व्हील घेण्याची तयारी आहे. चित्रे जुनी असली तरी माझी हरकत नाही. आणखी एक शंका म्हणजे, जो गेम सर्वांत अवघड तोच सर्वांत खरा, असे सर्वत्र वाचायला मिळते; ते कितपत बरोबर आहे?

खडीचा_रस्ता:

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण निवडीचा सारा प्रश्न तिच्यावरच उभा आहे. अवघडपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी कारण न कळता घसरत असेल, तर तो गेम अवघड आहे, पण खरा नाही. खऱ्या हाताळणीच्या गेममध्ये गाडी घसरण्यापूर्वी काहीतरी सांगते, आणि घसरल्यानंतर आपले नेमके काय चुकले हे आपल्याला उमगते. त्यामुळे असा गेम पहिल्या आठवड्यात कठीण वाटला, तरी महिन्याभराने तो उथळ गेमपेक्षा सोपा वाटू लागतो, असा माझा अनुभव आहे.

हे तपासण्याची एक साधी रीत आहे. खडीच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एखाद्या रुंद वळणाकडे या, स्टिअरिंग थोडेसेच वळवा आणि अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडून ब्रेकला नुसता स्पर्श करा. खऱ्या गाडीत अशा वेळी वजन पुढच्या चाकांवर येते, पुढची चाके खडीत रुततात, मागची हलकी होतात आणि स्टिअरिंग अधिक न वळवताही गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागतो. त्यानंतर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्या. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नाकाने ओढत सरळ व्हायला पाहील, मागच्या चाकांवर चालणारी शेपूट आणखी बाहेर टाकील, आणि चारही चाकांवर चालणारी पुढची चाके जिकडे वळलेली असतील तिकडे खेचली जाईल. या तीन गाड्या तुम्हाला डोळे मिटूनही वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. ज्या गेममध्ये अ‍ॅक्सिलरेटर कसाही वापरला तरी गाडी केवळ स्टिअरिंगच्या प्रमाणातच वळते, तिथे वजनाचा हिशेब नीट केलेला नाही असे खुशाल समजावे. मित्राकडच्या गेममध्ये आपल्याला जाणवलेला खिळा तो हाच.

या कसोटीवर रिचर्ड बर्न्स रॅली आजही सर्वांत वर आहे, असे माझे ठाम मत आहे. २००४ मध्ये आलेला हा गेम २००१ चा जगज्जेता चालक रिचर्ड बर्न्स याच्या नावाने काढला गेला. पुढच्याच वर्षी मेंदूच्या गाठीच्या आजाराने त्याचे निधन झाले. पण त्याच्या नावाचा हा गेम चाहत्यांनी इतक्या वर्षांत मरू दिलेला नाही. मूळ गेममधील भौतिकीचा, म्हणजे गाडीच्या हालचालीच्या गणिताचा, पाया इतका भक्कम होता की त्यावर चाहत्यांनी एनजीपी नावाची सुधारित भौतिकी बसवली, शेकडो नव्या स्टेज (वेळ लावून पार करायचे रस्त्याचे टप्पे) आणि गाड्या तयार केल्या, आणि आज हे सारे रॅलीसिमफॅन्ससारख्या एकत्र बांधलेल्या संचातून संगणकावर विनामूल्य घेता येते. मध्यम क्षमतेचा संगणक त्याला पुरून उरतो. गाडीच्या डिफरन्शियलमध्ये (चाकांत ताकद वाटणारा भाग) किंवा डॅम्परमध्ये (धक्के शोषणारा भाग) एक छोटासा बदल केला, तरी त्याचा परिणाम पुढच्याच वळणात हाताला कळतो, ही गोष्ट मला अन्य कोणत्याही रॅली गेममध्ये इतक्या स्पष्टपणे आढळलेली नाही.

परंतु गेमपॅडवर त्याचे हे गुण झाकले जातात. अंगठ्याच्या त्या लहानशा हालचालीत एवढे बारकावे मावत नाहीत, आणि फोर्स फीडबॅक (व्हीलमधील मोटर हाताला देते तो जोर) नसल्याने पुढची चाके पकड सोडत असताना स्टिअरिंग जे हलके पडते तो निरोपही आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून व्हील येईपर्यंत डर्ट रॅली २.० घ्यावा आणि व्हील आल्यावर रिचर्ड बर्न्स रॅलीकडे वळावे, असा माझा सल्ला आहे.

डर्ट रॅली २.०, म्हणजे डर्ट रॅलीचा दुसरा भाग, हा कोडमास्टर्स या कंपनीचा २०१९ चा गेम आहे. त्यात मागून निघणाऱ्या गाड्यांसाठी रस्त्यावर चरे पडत जातात, टायर झिजतात आणि रबराचा मऊ-कठीण प्रकार निवडावा लागतो. त्यातील मोहिमेचा मोठा भाग खेळण्यासाठी इंटरनेटची जोडणी चालू असावी लागते, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. सुरुवात जुन्या, कमी ताकदीच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनी करा. मिनी कूपर आणि लान्सिया फुल्विया या दोन्ही त्यात आहेत. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली होती, तेव्हा तिला नवशिक्यांची गाडी समजून हिणवू नये. कमी ताकदीमुळे वळणात वेग टिकवणे भाग पडते, आणि वेग टिकवायचा तर वजन कुठे आहे हे समजून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तिसरा_गिअर:

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त गेमपॅडविषयी थोडी भर घालतो, कारण मी स्वतः दोन वर्षे गेमपॅडवरच डर्ट रॅली २.० खेळलो आहे. त्याच्या सेटिंगमध्ये स्टिअरिंगची रेषीयता बदलण्याची सोय आहे. ती अशी ठेवावी की अंगठा मध्याजवळ हलवला असता चाके अगदी थोडी वळतील आणि टोकाकडे जाताना जास्त वळतील. त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी सापासारखी डुलत नाही. डेड झोन, म्हणजे अंगठा हलवूनही चाके वळत नाहीत तो मधला भाग, शक्य तितका कमी करावा. स्थैर्य नियंत्रण पहिल्या दिवसापासून बंद ठेवावे, कारण गाडीचा जो मागचा भाग सरकवायला आपण शिकत असतो, त्यालाच ते आवरून धरते. एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी मदत) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटर देताना चाके जागीच फिरू न देणारी मदत) नंतर एकेक करून काढले तरी चालते.

डब्ल्यूआरसी जनरेशन्सचा उत्तरात अजून उल्लेख आला नाही, म्हणून सांगतो. २०२२ च्या या गेममधील रस्ते अरुंद, वळणदार आणि फार सुंदर आहेत, आणि गेमपॅडवर तो सहज जमतो. हाताळणी मात्र डर्ट रॅली २.० इतकी बोलकी नाही.

डांबरी_घाट:

माझे मत थोडे वेगळे आहे. वरची सारी चर्चा खडीपुरती झाली. रॅलीचा निम्मा कस डांबरावर लागतो, आणि तिथेच गेम उघडे पडतात.

खडीवर टायर बराच तिरका सरकत असतानाच सर्वाधिक पकड देतो, म्हणून तिथे गाडी आडवी चालवणे हे वेगाला मारक ठरत नाही. डांबरावर ही कमाल पकड फार कमी तिरकेपणात मिळते आणि त्यापुढे झपाट्याने घटते. तिथे गाडी आडवी झाली की वेळ गेलाच. तेव्हा एखाद्या गेममध्ये डांबरावरही सैल हाताने घसरत गेलेला खेळाडू नीटनेटक्या रेषेने गेलेल्यापेक्षा लवकर पोचत असेल, तर त्या गेमची टायरची गणिते चुकलेली आहेत. डर्ट रॅलीच्या पहिल्या, २०१५ च्या भागात डांबरावर गाडी फार हलकी वाटते, दुसऱ्या भागात ती सुधारली, तरी मला ती जमिनीला पुरती टेकलेली वाटत नाही. हे माझे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकते.

त्या दृष्टीने २०२३ चा ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी मला अधिक पटतो. तोही कोडमास्टर्सनेच केला, पण अनरिअल इंजिनावर (गेम बांधण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर). त्यामुळे ३० किलोमीटरहून लांब स्टेज त्यात शक्य झाल्या. एवढ्या लांब स्टेजमध्ये शेवटच्या भागात मन थकते, टायर थकतात, आणि रॅलीचा जो खरा ताण असतो तो पहिल्यांदाच अंगावर येतो. संगणकावर प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात चित्र मध्येच अडखळत असे, आणि मध्यम क्षमतेच्या संगणकावर अजूनही चित्राची गुणवत्ता कमी ठेवून खेळणे श्रेयस्कर आहे. रॅलीत अर्ध्या सेकंदाचे अडखळणे म्हणजे झाडावर आदळणे, म्हणून सुंदर चित्रापेक्षा अखंड चित्र महत्त्वाचे मानावे.

याशिवाय असेट्टो कोर्सा रॅली हा गेम नोव्हेंबर २०२५ पासून अपूर्णावस्थेत विक्रीस आला आहे. त्यातील रस्ते लेझरने मोजून उतरवलेले आहेत आणि डांबरावरची पकड वाखाणण्यासारखी आहे. पण गाड्या आणि ठिकाणे थोडी असल्याने पहिला आणि एकमेव गेम म्हणून तो सध्या सुचवणार नाही.

खडीचा_रस्ता:

डांबराचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो वगळायला नको होता. मात्र एनजीपी बसवलेल्या रिचर्ड बर्न्स रॅलीमध्ये डांबरावरची हाताळणी खडीइतकीच विश्वासार्ह आहे, असे मी आजही म्हणेन. तिथे डांबरावर हँडब्रेकची घसरण केवळ अगदी आवळलेल्या वळणांतच फायद्याची ठरते, आणि आपण सांगितलेल्या कसोटीत तो गेम उतरतो.

वळणवाट (मूळ प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनापासून आभार. मी डर्ट रॅली २.० घेतला आणि मिनी कूपरने न्यूझीलंडच्या खडीवर अ‍ॅक्सिलरेटर सोडण्याचा तो प्रयोग केला. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत गाडी सरळच गेली, कारण मी सवयीने आधी स्टिअरिंग पूर्ण वळवत होतो. मग स्टिअरिंग कमी ठेवून आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि गाडीचे नाक अक्षरशः आत ओढले गेले. तो क्षण मला फार आवडला. आता अडचण अशी आहे की सहचालकाचे बोलणे मला पेलत नाही. एका वळणातून बाहेर पडेपर्यंत तो पुढची दोन सांगून मोकळा झालेला असतो आणि मी गोंधळतो.

तिसरा_गिअर:

सहचालक कितपत आधी बोलेल हे सेटिंगमध्ये बदलता येते. ते थोडे उशिराकडे सरकवून पाहा. आकड्यांचा अर्थ पक्का झाला की अर्धे काम होते. या गेममध्ये एक म्हणजे जवळजवळ सर्वांत आवळलेले वळण आणि सहा म्हणजे जेमतेम अ‍ॅक्सिलरेटर सोडावा लागेल असे वळण; हेअरपिन त्याहून आवळलेले. आकड्यानंतर येणारे शब्द मात्र दुर्लक्षू नयेत. वळण पुढे आवळत जाते, उघडत जाते, आतला कोपरा कापू नका, पुढे चढाचा माथा आहे, या चार सूचनांत बहुतेक अपघात टळतात.

डांबरी_घाट:

यात एक भर घालतो. एकच स्टेज सलग वीस वेळा खेळू नका, कारण मग रस्ता पाठ होतो आणि कान बंद होतात. प्रत्येक वेळी नवी स्टेज घ्या आणि वेग इतका कमी ठेवा की ऐकलेला आकडा आणि समोर आलेले वळण मनात जुळवायला सवड मिळेल. दोन आठवड्यांत वळण दिसण्याआधीच हात हलू लागतात. तुम्ही ज्या चित्रणांविषयी लिहिले आहे त्यांतला चालक हेच करत असतो. फरक एवढाच की त्याने रॅलीपूर्वी तोच रस्ता सावकाश फिरून त्या नोंदी स्वतः सांगून लिहवून घेतलेल्या असतात.