मदत हवी आहे: पावसाळ्यात न सादळणारं आणि चुलीत न जाणारं चहाचं पाकीट

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या बचत गटात आम्ही नऊ जणी आहोत. घाऊक व्यापाऱ्याकडून आसामची सीटीसी (म्हणजे दाणेदार) चहा पावडर आणतो, तिच्यात परसात लावलेल्या गवती चहाची सावलीत वाळवलेली पात, सुंठ आणि वेलची घालतो आणि १०० व २५० ग्रॅमची पाकिटं करून विकतो. महिन्याला ७० किलोच्या आसपास माल जातो. आतापर्यंत सगळं ओळखीवर चाललं. आता रत्नागिरीतलं एक आणि पुण्यातलं एक दुकान माल ठेवायला तयार आहे, पण दोघांचं म्हणणं एकच, पाकीट आणि नाव नीट करून आणा.

गेल्या वर्षी आम्ही साध्या तपकिरी कागदी पाकिटात माल भरला होता. दिसायला छान होतं. श्रावण लागायच्या आत ६० पाकिटं परत आली. पावडर सादळलेली आणि गवती चहाचा वास पार गेलेला. आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले, पण ज्यांनी काही न बोलता पुन्हा घेतलंच नाही अशी गिऱ्हाइकं किती, ते कळायला मार्ग नाही.

मग पाकीटवाल्याने क्राफ्टचे (जाड तपकिरी कागदाचे) उभे पाऊच दाखवले, वर झिपलॉक. बाहेरून कागदच वाटतो. मी एक फाडून पाहिला तर आत चंदेरी थर आणि त्याच्या आत प्लास्टिक. आमच्याकडे येणाऱ्या भंगारवाल्याला विचारलं, तो म्हणाला हे मी घेत नाही, कोणीच घेत नाही. म्हणजे ते शेवटी न्हाणीच्या चुलीत जाणार. आमच्या गावात सकाळी पाणी तापवताना असल्या पाकिटांचा काळा धूर निघतो, तो मी रोज बघते. त्या धुरात आमच्या गटाचं नाव छापलेलं पाकीट असावं, हे मला सहन होणार नाही.

तिसरा नमुना "कंपोस्टेबल" म्हणून आला. पाऊच १९ रुपयांना, चंदेरी थरवाला ७ ला. महाग असला तरी घेऊ म्हटलं, पण आधी परीक्षा केली. फेब्रुवारीत शेणखताच्या खड्ड्यात पुरला आणि जूनमध्ये काढला. थोडा मऊ पडला होता, बाकी अख्खा. फसवणूक झाली की माझंच काही चुकलं?

दुसरी अडचण चित्राची. एका ओळखीच्या मुलाने लेबल काढून दिलं. डोंगरउतारावर चहाचा मळा, पाठीवर टोपली घेतलेली बाई. मुलाने मेहनत घेतली आहे, पण आमच्या गावात चहाचा मळा नाही. आमच्याकडे पाटाच्या कडेला गवती चहाचे ठोंब आहेत आणि ते कापणाऱ्या आम्ही आहोत. मला तेच चित्र हवंय, आणि पावडर आसामची आहे हेही समोरच लिहायचंय. दुकानदार म्हणतात मळ्याचं चित्र खपतं. तुम्हाला काय वाटतं? नाव अजून नोंदवलेलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी पॅकेजिंगच्या धंद्यात आहे. तुमची फसवणूक झालीच असं नाही. बरेचसे कंपोस्टेबल पाऊच मोठ्या कंपोस्ट प्रकल्पासाठी बनवलेले असतात, जिथे ५८ अंशांच्या आसपासची उष्णता बरेच दिवस टिकते. घरच्या खड्ड्यात ती तशी टिकत नाही. भारतात कंपोस्टेबल प्लास्टिक आयएसओ १७०८८ या मानकात बसावं लागतं आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा. आणि "घरच्या खड्ड्यात कुजतो का" हा प्रश्न वेगळा विचारा, कारण त्या प्रमाणपत्रात त्याचं उत्तर नसतं.

आता सादळण्याबद्दल. वाळलेला चहा हवेतलं पाणी आणि आजूबाजूचे वास दोन्ही ओढतो. नुसता कागद यातलं काहीच अडवत नाही. पातळ पॉलिथिन पाणी बऱ्यापैकी अडवतं, पण त्यातून सुगंध निसटतो. गवती चहाचा वास ज्या सिट्रलमुळे येतो ते उडून जाणारं तेल आहे. म्हणून तर चंदेरी थर घालतात.

कुठलाही नमुना विकत घेण्याआधी घरीच तपासा. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ घ्या आणि ते लगदा होईल इतपतच पाण्याने भिजवा. त्या डब्यातली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. भरलेलं, सील केलेलं पाकीट त्यात मिठाला न लागेल असं ठेवा आणि दर दोन दिवसांनी दागिन्यांच्या काट्यावर वजन करा. जे पाकीट लवकर जड होतं ते कोकणात चालणार नाही. तुमचा पाऊस याहून कडक आहे, तेव्हा इथे नापास झालेलं पाकीट तिथे टिकायचा प्रश्नच नाही.

छपाईत एवढ्यात पैसे घालू नका. पाऊचवर थेट करतात त्या ग्रॅव्हर छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलेंडर लागतो आणि ऑर्डरही हजारोंची द्यावी लागते. ७० किलोला साधं पाकीट आणि एका रंगाचं कागदी लेबल पुरे.

प्रतिसाद २

पत्र्याचा डबा का नको? हवा, ओल, उजेड तिन्ही अडतात, आणि भंगारवाला तो आनंदाने नेतो. आमच्या घरी चहाचा जुना डबा तीस वर्षं डाळीसाठी वापरात आहे. पहिल्यांदा डबा विका, पुढे फक्त आतला माल.

प्रतिसाद ३

चित्राबाबत ताईंशी पूर्ण सहमत. मळ्याची बाई शेकडो पाकिटांवर आहे, गवती चहाचा ठोंब मी तरी एकाही पाकिटावर पाहिलेला नाही. दुकानातला माणूस त्यावरच थांबेल.

पण शब्दांची काळजी घ्या. कॅमेलिया सायनेन्सिस, म्हणजे खऱ्या चहाच्या झाडापासून बनलेल्या मालालाच चहा म्हणावं, असं एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) स्पष्ट केलं आहे. तुमच्या मिश्रणात आसामची पावडर आहे, त्यामुळे अडचण नाही. पण उद्या नुसती वाळलेली पात विकायला काढलीत, तर आपल्या मराठीत तिचं नावच "गवती चहा" आहे, आणि नेमकं तेच लेबलवर खटकेल. ते नाव ठरवण्याआधी विचारून घ्या.

आणखी एक. नुसतं मराठी लेबल चालत नाही. कायद्याने लागणारा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवाच, सोबत मराठी खुशाल द्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक. यालाच लेबलची निम्मी जागा जाते, म्हणून चित्रकाराला हे आधी सांगा. नाव आधी कोणी नोंदवलंय का ते ट्रेडमार्कच्या ३०व्या वर्गात (चहा त्यातच येतो) शोधून मगच छापा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर ऑनलाइन अर्जाची फी ९,००० ऐवजी ४,५०० पडते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मिठाचा डबा परवाच लावला. साधा कागद, चंदेरी थर आणि कंपोस्टेबल असे तीन नमुने आहेत, प्रत्येकासाठी वेगळा डबा. दोन दिवसांत कागदी पाकीट ३ ग्रॅमने जड झालंय. बाकी दोघांचा काटा हललेला नाही, पण इतक्यात काही ठरवत नाही, महिनाभर लिहून ठेवणार.

डब्याची कल्पना गटात सगळ्यांना पटली. देवरुखच्या आठवडी बाजारात येणारी गिऱ्हाइकं नेहमीची आहेत, त्यांना डबा देऊ आणि पुढच्या वेळी तोच भरून देऊ. पुण्याला डबे परत आणणं जमणार नाही, तिथे काय करायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. लेबलवर "पर्यावरणपूरक" हा शब्द तूर्त घालणार नाही, पाकीट कशाचं आहे आणि रिकामं झाल्यावर त्याचं काय करायचं एवढंच लिहू.

रत्नागिरी किंवा कोल्हापूरकडे २५० ग्रॅम मावेल असे पत्र्याचे डबे शे-दोनशेच्या संख्येत करून देणारं कोणी माहीत आहे का? आतून खाण्याच्या वस्तूंना चालेल असा लेप हवा. माहीत असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.